एका हाताचा स्वयंपाक

८ जानेवारी

प्रिय भंडारी,

अक्षर बघून घाबरू नकोस. माझंच आहे, फक्त डाव्या हाताचं. सूनबाई म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून देते. तिने सुरेख अक्षरात लिहिलं असतं की आईंची तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. म्हणून म्हटलं, वेडंवाकडं का होईना, आपलं आपणच लिहावं. एवढ्या ओळींना पाव तास गेला आहे, तेव्हा वाचताना तूही जरा सावकाश वाच.

झटका येऊन पाच महिने झाले. पाय ओढत का होईना, चालते. जीभ तर पहिल्याच आठवड्यात पूर्ववत झाली, हे घरच्यांचं दुर्दैव. उजवा हात मात्र कोपराखाली दुसऱ्या कुणाचा तरी आणून जोडल्यासारखा लोंबतो. चाळीस वर्षं ज्या हाताने कापड बेतलं, त्याला आता कप धरवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते मी एकदाच लिहिते आहे. पुन्हा विचारू नकोस.

लिहायचं कारण वेगळंच. दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या मुलगा भाड्याने द्यायला निघाला आहे. एक मार्चपासून. आई आपल्याकडेच राहणार, मग त्या रिकाम्या कशाला ठेवायच्या, असा त्याचा हिशेब. मला कुणी विचारलं नाही. बरं, भांडावं तर इथे वाईट कुणीच नाही, हीच पंचाईत आहे. मुलगा ऑफिसातून दिवसातून दोनदा फोन करतो. सूनबाई माझं जेवण बारीक करून वाढते. दोघं कामाला जाताना गॅसची मुख्य चावी बंद करून तिच्यापुढे कपाट सरकवून जातात आणि माझा चहा थर्मासमध्ये भरून ठेवतात. मी दिवसभर त्या थर्मासकडे बघत बसते.

परवा मी सांगून टाकलं की मी माझ्या खोल्यांत परत जाणार. मुलगा रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. म्हणाला, "आई, दोन हात होते तेव्हाही तुला स्वयंपाक येत नव्हता. आता तिथे एकटी खाणार काय?"

खरं आहे म्हणून जास्त झोंबलं. तुला माहीतच आहे, मी रात्री आठपर्यंत मशीनवर, आणि तुझे भाऊजी सहाला घरी. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यांनी पातेलं हातात घेतलं ते शेवटपर्यंत माझ्याकडे दिलं नाही. ते गेल्यावर चार वर्षं मी डब्यावर काढली. पण डबा लावते म्हटलं असतं तर तो पुन्हा हसला असता. म्हणून मी म्हटलं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तुम्ही दोघं माझ्या खोल्यांत जेवायला या. मी एकटी करीन, कुणाचा हात न लावता. जमलं तर भाडेकरूचं नाव काढायचं नाही. लहान मुलाला हो म्हणावं तसं तो हो म्हणाला.

तेव्हा आता तू कामाला लाग. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात हे तू कधी काळी मोठ्या ऐटीत कळवलंस आणि तेव्हापासून घरात तुला दुसरं नाव उरलं नाही, ते नाव आता सार्थ कर. कोंबडी आणि भाज्या, एकाच भांड्यात, झटपट होणारं, साधं. मापं नीट लिही. मी शिंपीण आहे. कागदावर जेवढं लिहिलेलं असेल तेवढंच कापते, सुताने इकडेतिकडे नाही.

आणि आज जहाजावर काय शिजलं तेही कळव.

तुझी ताई

*

१२ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या उजव्या हातापेक्षा वाचनीय आहे, खरं सांगतो. जहाज सध्या दुरुस्तीसाठी बंदरात लागलं आहे, त्यामुळे उत्तर लगेच धाडतो आहे.

तू योग्य माणसाला विचारलंस. समुद्र खवळला की जहाजाच्या स्वयंपाकघरात एक हात कठड्याला घट्ट धरून ठेवावा लागतो, नाहीतर भांड्यात कोंबडीऐवजी आपणच. उरलेल्या एका हाताने बावीस माणसांचं दोन वेळचं जेवण. असे दिवस वर्षात शंभर तरी येतात. म्हणजे तू आता जे शिकायला निघाली आहेस ते मी अर्धं आयुष्य करत आलो आहे. नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणाला विचारलं असतंस तर तुला फक्त सहानुभूती मिळाली असती.

नीट विचार कर, दुसरा हात करतो काय? नुसतं धरून ठेवतो. ते काम दुसऱ्या कशालाही देता येतं. कापायच्या पाटाखाली ओलं फडकं पसर, पाट हलत नाही. पाटातून खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून घे, टोकं वर आली पाहिजेत. कांदा, बटाटा, गाजर त्यावर टोचायचं आणि डाव्या हाताने कापायचं. पाटाच्या एका कोपऱ्याला लाकडाची दोन बोटं उंच पट्टी मार, भाजी पळाली तर तिथे अडेल. बाटलीचं झाकण उघडायचं तर बाटली अर्ध्या उघड्या खणात घाल आणि कमरेने खण दाब. लसूण सोलत बसू नकोस, वाटीच्या बुडाने ठेच, साल आपोआप सुटते.

गॅसचा नाद सोड. एका हाताने चावी फिरवायची आणि त्याच हाताने पेटवायचं, हे जमणार नाही आणि जमवूही नकोस. विजेची शेगडी आण. कमीपणा वाटून घेऊ नकोस. जहाजावर ज्योत पेटवायची बंदीच असते. तीस वर्षांत मी स्वयंपाकासाठी एक काडी ओढलेली नाही.

आता मापं. चार माणसांना पाऊण किलो बिनहाडाची कोंबडी, चिकनवाल्याकडूनच लिंबाएवढे तुकडे करून. मी स्वतः कापणार असा हट्ट नको. दोन कांदे, चार पाकळ्या लसूण, दोन टोमॅटो, दोन गाजरं, दोन बटाटे, मूठभर घेवड्याच्या शेंगा, एक ढोबळी मिरची. तीन चमचे तेल, सपाट एक चमचा मिरपूड, अर्धं लिंबू. सगळं आधी चिरून वेगवेगळ्या वाट्यांत ठेव, मगच शेगडीला हात लाव. पसरट, जड बुडाचं भांडं घे. तेल तापलं की कांदा, पाच मिनिटं. लसूण. मग कोंबडी, ती बाहेरून पांढरी होईपर्यंत, पुन्हा पाच मिनिटं. मिरपूड. मग बटाटा आणि गाजर, बोटाच्या पेराहून जाड नको. टोमॅटो, अर्धी वाटी पाणी, झाकण, पंधरा मिनिटं. शेवटी शेंगा आणि ढोबळी मिरची, अजून पाच मिनिटं. सगळ्यात मोठा तुकडा काढून मधोमध काप, आत गुलाबी दिसता कामा नये. शेगडी बंद. लिंबू पिळायचं नाही, ताटलीत ठेवून वाटीने दाबायचं आणि रस भांड्यात ओतायचा. चिरणं सोडलं तर पाऊण तासाच्या आत माणसं जेवायला बसली पाहिजेत.

आज इथे भाजलेला मासा आणि मटाराचं सूप होतं. कप्तानाने दोनदा मागून घेतलं.

तुझा भंडारी

*

२१ जानेवारी

प्रिय भंडारी,

पाट तयार झाला. खिळे डावरीने ठोकून आणले. माझ्या दुकानातली डावखुरी शिवणकाम करणारी, सध्या दुकान तीच चालवते, आठवत असेल तुला. शेगडीही तिनेच आणून वर माझ्या खोलीत ठेवली आहे. खोल्यांची किल्ली मुलाने स्वतःकडे ठेवली आहे, पण दुकानातून आतल्या जिन्याने वर जाता येतं हे तो विसरला, आणि मी आठवण करून दिली नाही.

दुपारी ही दोघं कामावर गेली की मी इथल्या ओट्यावर नुसतं चिरण्याचा सराव करते. पहिल्या दिवशी गाजर खिळ्यावरून सुटून फ्रिजखाली गेलं. ते काठीने बाहेर काढायला गाजर चिरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. कांद्याने जेवढं रडवलं तेवढं पाच महिन्यांत कशानेही रडवलं नव्हतं, आणि कांद्याच्या आडून मी थोडी जास्तच रडून घेतली. आता दोन कांदे बारा मिनिटांत होतात.

शेंगांचं मात्र तुझं शास्त्र चालेना. टोचली की फाटते. मग माझी कात्री काढली. चाळीस वर्षं वापरलेली, तरी डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब पळतात, शेंग चेपते, कापत नाही. कात्री उजव्या हातासाठीच घडवलेली असते, हे मी दुसऱ्यांना शिकवत आले आणि माझ्याच डोक्यात आलं नाही. डावरी कामाला लागली तेव्हा तिला माझ्या कात्रीने कापता येईना, म्हणून मी तिला आळशी म्हटलं होतं. तीन महिने म्हणत होते. मग तिने स्वतः डावखुरी कात्री शोधून आणली. काल ती कात्री तिने माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, तेव्हा माझं चुकलं होतं. ती म्हणाली, एकोणीस वर्षांनी का होईना, कळलं ना. तिच्या कात्रीने शेंगा अशा कापल्या जातात की चिरण्याची सुरी फेकून द्यावी.

आख्खा पदार्थ मी आधी करून बघणार नाही. इथे शेगडीपाशी कुणी जाऊ देत नाही, आणि वर जाऊन गुपचूप करावा तर वास खालच्या रस्त्यावर जाईल. शिवाय माझ्या कपड्याला मी दोनदा ट्रायल कधी घेतली नाही. रविवारी एकदाच.

मुलगा सध्या माझ्याशी फार गोड बोलतो. भाडेकरूला घेऊन खोल्या दाखवून आला, हे मला शेजारणीकडून कळलं.

तुझं जहाज किती दिवस दुरुस्त होणार आहे? आज काय शिजलं?

ताई

*

२६ जानेवारी

प्रिय ताई,

कात्रीची गोष्ट वाचून मी इथे एकटाच हसलो. शेंगांना कात्री, हे मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं. घेतलं.

एकच सांगतो. लोक बोलायला लागले तरी मिनिटं मोजणं सोडू नकोस. झाकण सारखं उघडू नकोस. तुझा मुलगा मदतीला उठला तर त्याला पाणी भरायला लाव, म्हणजे त्याचे हात गुंततील. कच्च्या कोंबडीला लागलेला हात आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नकोस.

जहाजाचं अजून काही ठरत नाही. आज कोंबडीच होती, तुझीच, म्हटलं आपणही करून बघू. झकास झाली. घाबरू नकोस आणि कुणाला घाबरवू देऊ नकोस.

भंडारी

*

१० फेब्रुवारी

भंडारी,

आज प्रिय वगैरे लिहिणार नाही.

काल सकाळी दहाला मी वर गेले. चिरायला एक तास दहा मिनिटं. बाराला शेगडी लावली. तुझी मिनिटं भिंतीवरच्या घड्याळात काट्यावर काटा ठेवून पाळली. कांदा चिकटला नाही, कोंबडी आतून पांढरी, गाजराचा रंग जसाच्या तसा. मुलगा, सूनबाई आणि डावरी जेवायला बसले. डाव्या हाताने मी स्वतः वाढलं, एक शेंग खाली पडली तेवढीच. मला इतका आनंद झाला होता की सांगायला लाज वाटते.

मुलाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, वा आई, मस्त. सूनबाई म्हणाली, फारच छान झालं आहे, मलाही असं जमत नाही. डावरी ताटात बघून खात होती. दोघांनी पुन्हा वाढून घेतलं. मग मी माझा घास घेतला.

त्यात मीठ नव्हतं. कमी नाही, नव्हतंच.

मी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, यात मीठ आहे का? पुन्हा विचारलं. मग सूनबाई म्हणाली, थोडं कमी आहे, पण प्रकृतीला तेच बरं. मी म्हटलं, तुम्ही दोघांनी मला तोंडावर खोटं सांगितलंत. माझ्या दुकानात गळा एका बोटाने चुकला तरी बायका कपडा काउंटरवर आपटायच्या. चाळीस वर्षांत माझं कुणी खोटं कौतुक केलं नाही, आणि आता माझ्याच ताटावर बसून माझी मुलं ते करतात. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मला हीच भीती होती आई. हात गेला ते दिसतं. पण तुला मीठसुद्धा आठवलं नाही. आज मीठ, उद्या शेगडी बंद करायची राहील."

त्याला वाटतं झटक्याने माझं डोकंही नेलं. नुसता हात गेला म्हणाला असता तर मी सोसलं असतं. खोल्या एक तारखेला भाडेकरूला जाणार, हे त्याने जाताना पुन्हा सांगितलं, अगदी मायेने सांगितलं. जाताना खोलीची वरची कडीही तपासून गेला. ती दोघं गेल्यावर डावरी म्हणाली, मी बोलणार होते, पण तुमच्या मुलाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

आता तू ऐक. घरी आले आणि तुझं पत्र काढलं. तीनदा वाचलं. त्यात तेल आहे, मिरपूड आहे, लिंबू आहे, शेगडी बंद करणं आहे. मीठ नाही. मला कांदा टाकतानाच खटकलं होतं. मिठाची बरणी समोर होती, हात तिच्याकडे गेलाही होता. पण म्हटलं, तीस वर्षांचा भंडारी आहे, विसरणार नाही, याची काही युक्ती असेल. दुसऱ्याने लिहून दिलेल्या मापात मी स्वतःची अक्कल कधी घातली नाही, तीच सवय मला भोवली. आणि चव बघ असंही तू कुठे लिहिलेलं नाहीस. चव बघ न म्हणणारा स्वयंपाकी मी आजवर पाहिला नाही.

तू मुलाला पत्र लिही. चूक तुझ्या कागदात होती, माझ्या डोक्यात नाही, असं स्पष्ट लिही. आणि कशी झाली तेही लिही.

ताई

*

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

चूक माझी आहे. तुझ्या मुलाच्या नावाचं पत्र याच पाकिटात आहे, उघडंच ठेवलं आहे. वाच आणि त्याला दे.

कशी झाली तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण वास आणि चव परत आली नाही. कॉफी आणि गरम पाणी मला एकच. कुणाला सांगितलं नाही. माझा जोडीदार, दुसरा स्वयंपाकी, जुना मित्र. चव तो बघायचा, मीठ तो घालायचा. मी कापायचो, शिजवायचो, ओरडायचो. सव्वा वर्ष असं चाललं आणि कप्तानाला पत्ता नव्हता. मिठाच्या डब्याला मी हातच लावत नसे, कारण मी लावला की जास्त तरी पडायचं किंवा दोनदा तरी. मग एका आठवड्यात जोडीदार आजारी पडला. पहिल्या दिवशी जेवण परत आलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. तिसऱ्या दिवशी कप्तान स्वतः खाली आला आणि त्याने मला साखर आणि मीठ दोन बशांत देऊन विचारलं, सांग कुठलं कोणतं.

जहाज दुरुस्तीला लागलेलं नाही ताई. जहाज केव्हाच गेलं. मी आठ महिने खलाशांच्या वसतिगृहात आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी गोदामाकडे. जेवण खालच्या खानावळीत. भाजलेला मासा, मटाराचं सूप, तुझी कोंबडी, काहीही शिजलं नाही. मी आठ महिन्यांत साधा चहा केलेला नाही.

तुला कृती लिहिताना आठ महिन्यांत पहिल्यांदा मला स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं. माझे हात जे जे करायचे ते सगळं मी लिहिलं. मीठ माझे हात करत नव्हते. लिहिताना ते आठवलंच नाही. आठवलं नाही याची मला इतकी शरम वाटते की चार वेळा पत्र फाडलं.

मुलाच्या पत्रात मी सगळं लिहिलं आहे, बशांसकट. त्याचा मामा म्हणून त्याच्यासमोर जी काही पत होती ती यात गेली, पण तुझ्या खोल्या राहत असतील तर खुशाल जाऊ दे.

भंडारी

*

१९ फेब्रुवारी

प्रिय भंडारी,

तुझं पत्र वाचून मी रडले. कांदा नव्हता. बशांपर्यंत आले आणि पुढचं दिसेना. मग मला तुझा राग आला. आठ महिने एका खोलीत बसलास आणि बहिणीला मासा आणि सूप जेवू घालत राहिलास. पूर्वी तुझ्या पत्राला दीड महिना लागायचा, आता दुसऱ्या दिवशी येतं, हे मी पाहत होते. पण म्हटलं, दुरुस्ती लांबली असेल. आजारी माणसाशी सगळेच खोटं बोलतात असं मी मुलाला सुनावलं, आणि माझा भाऊ तेच करत होता.

मुलाच्या नावाचं पत्र मी त्याला देणार नाही. दोन दिवस उशीखाली ठेवलं, काल परत पाकिटात घातलं, ते तुला परत पाठवते आहे. तू नाराज होऊ नकोस, ऐक.

मी विचार केला की हे पत्र दिलं तर काय होईल. तो वाचेल, म्हणेल, बरं, आईचं डोकं शाबूत आहे. मग पुन्हा परीक्षा. पुढच्या वेळी मीठ असेल आणि कोंबडी करपेल. त्याच्या पुढच्या वेळी ताट हातातून पडेल. दर वेळी मी कुणाचं तरी पत्र दाखवायचं का, की बाईसाहेब ठीक आहेत म्हणून? बिनमिठाचं रांधलं म्हणून बाईला घराबाहेर काढत असते तर या रस्त्यावरची निम्मी घरं आज रिकामी असती. मुलाने स्वतः लग्नानंतर एकदा साखरेऐवजी मीठ घालून चहा केला होता, त्याला कुणी माझ्याकडे परत आणून सोडलं नाही.

चूक माझी ही झाली की मी परीक्षा द्यायला तयार झाले. त्या खोल्यांची फरशी मी पसंत केली, त्या जिन्याच्या चौतीस पायऱ्या मी तीस वर्षं रोज चढले. तिथे राहायला मला पास कशाला व्हावं लागतं? जेवण बिघडलं तर मी बिघडलेलं खाईन. पडले तर पडेन, आणि पडले तर काठीने फरशी ठोकायची, खाली डावरी आहे, हे आमचं ठरलं आहे. पडेन म्हणून मी इथे थर्माससमोर बसून राहणार नाही.

अठ्ठावीस तारखेला शुक्रवार आहे. दोघं कामावर गेली की मी निघणार. सूनबाईच्या नावे चिठ्ठी लिहून ठेवीन, तिने माझं फार केलं आहे आणि ते मी तीत लिहीन.

तू आता दोन कामं कर. त्या कृतीत मीठ किती आणि केव्हा, ते चमच्यात लिही. अंदाजाने नको, चवीनुसार नको, माप. आणि तुझ्या त्या खोलीत शेगडी आण. चव नसेल तर वजनकाटा आण. मला डाव्या हाताने शेंगा कापायला लावतोस आणि स्वतः खानावळीत ताट पुढे करून बसतोस, हे मला मान्य नाही.

ताई

*

२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाऊण किलोला सपाट दीड चमचा. अर्धं कोंबडी टाकल्यावर, अर्धं टोमॅटोबरोबर. आणि शेवटी स्वतः चव बघ.

हा आकडा मी आठवून लिहिलेला नाही. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी शेगडी आणली. वसतिगृहाचा व्यवस्थापक म्हणाला, खोलीत शिजवायला परवानगी नाही. मी म्हटलं, मग लेखी द्या की तीस वर्षांच्या भंडाऱ्याला स्वयंपाकाची बंदी आहे, मी दारावर चिकटवतो. तो अजून कागद शोधतो आहे. शेजारच्या खोलीत इंजिनखात्यातला एक म्हातारा राहतो, दोन्ही कानांनी ठार बहिरा, पण जिभेने कडक. त्याला तीन दिवस तीन वेगळ्या मापांची कोंबडी खायला घातली. पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं. काल गपचूप भांडं पुसून खाल्लं. काल दीड चमचा होता.

मला चव लागली नाही, पण हाताला भूक लागली होती हे कळलं.

मुलाचं पत्र परत मिळालं. ठेवून दिलं आहे. तू म्हणतेस तेच बरोबर, पण लागलं तर माग.

भंडारी

*

६ मार्च

प्रिय भंडारी,

पाकिटावरचा पत्ता बघितलास ना? माझाच आहे.

शुक्रवारी अकराला डावरी हातगाडीवाला घेऊन आली. एक ट्रंक, एक गादी, पाट. शेजारीण गॅलरीतून बघत होती, तिला मीच हात केला. साडेअकराला मी वर होते. बाराला शेगडी लावली, कारण रिकाम्या पोटी भांडता येत नाही.

साडेबाराला किल्ली फिरली. मुलगा आणि त्याच्यामागे भाडेकरू. चष्मेवाला, बँकेत नव्याने बदलून आलेला, हातात पडद्यांचं माप घ्यायची टेप. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण ती टेप बघून मला हसू आलं. मी म्हटलं, खोल्या रिकाम्या नाहीत, उगाच चक्कर पडली तुम्हाला. पडद्यांचं काम असेल तर खाली दुकानात या. तो बिचारा मुलाकडे बघायला लागला. मुलाने त्याला जिन्यापर्यंत सोडलं, परत आला, दार लावलं आणि कोंबडीच्या वासात नुसता उभा राहिला.

त्याने खूप काही सांगितलं. डब्यात सापडलेली माझी चिठ्ठी वाचून सूनबाई ऑफिसात रडते आहे, आत्ताच जिन्यात तिचा फोन आला. डॉक्टरांनी काय सांगितलं. बाथरूमची फरशी कशी गुळगुळीत आहे. मी सगळं ऐकलं, बाथरूमचं बरोबर आहे असंही म्हटलं. शेवटी त्याच्या तोंडून खरं ते निघालं. म्हणाला, "लोक काय म्हणतील आई? आजारी आईला एकटं टाकलं म्हणतील."

मी म्हटलं, "त्यांना सांग, आईनेच मला टाकलं."

त्याला हसावं की रडावं कळेना. खुर्चीवर बसला. मी ताट वाढलं, त्याने हात लावला नाही. भूक नाही म्हणाला आणि निघून गेला. किल्ली मात्र टेबलावर ठेवून गेला. ती विसरला की ठेवली, मी विचारलं नाही. त्याचं ताट डावरीने संपवलं. मीठ बरोबर होतं, चव मीच घेतली होती, दोनदा.

शनिवार ते मंगळवार कुणी आलं नाही. भंडारी, ते चार दिवस फार वाईट गेले. सोमवारी हात पोळला, थोडासाच. मंगळवारी मी नुसतं दूध पिऊन झोपले, कारण चिरायचा कंटाळा आला आणि एकटीसाठी कोण चिरणार असं वाटलं. तुला खोटं लिहीत नाही. खिडकीत बसून वाटलं, त्याचंच बरोबर असेल.

बुधवारी म्हटलं, काही झालं तरी शिजवायचं. घाईघाईने केलं. कोंबडी पाव किलो, बाकी सगळं अंदाजाने, आयुष्यात पहिल्यांदा कागद न बघता. पावणेआठला जिन्यावर पावलं वाजली. मुलगा, ऑफिसातून थेट, हातात बाथरूममध्ये लावायचा लोखंडी दांडा. त्याने ड्रिल मारून तो भिंतीत बसवला, ओढून बघितला, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसला. मी वाढलं. तो जेवायला लागला. मी वाट बघत होते, आता म्हणेल, वा आई, मस्त.

दोन घास खाल्ले, मग चमचा ताटावर आपटला आणि म्हणाला, "बटाटा कच्चा आहे."

चव बघितली. होता, अगदी करकरीत कच्चा. शिवाय त्याने मिरपूड जास्त झाल्याचं सांगितलं, गाजराचे तुकडे एकसारखे नाहीत म्हणाला, आणि बाबा असं कधी वाढायचे नाहीत तेही. किती दिवसांनी त्याने मला असं फटकारलं होतं.

मी त्याच्या पुढचं ताट उचललं, सगळं परत भांड्यात ओतलं, पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि म्हटलं, दहा मिनिटं लागतील, घाई असेल तर घरी जाऊन जेव.

गेला नाही. मिनिटं मोजत, भुकेला, माझ्या घरी बसून राहिला.

तुझी ताई